लागान पोहत राहिली

मी रशियन शिकवते. त्यामुळे गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी रशियाचा महाकवी पुश्किन याच्यापाशी पोचल्या की एक प्रश्न ठरलेला: "त्याचा पणजोबा आफ्रिकेतला गुलाम होता म्हणतात, ते खरं का हो?" घाईत असले की मी नुसतं "हो" म्हणते, आणि मग दिवसभर चुटपूट लागून राहते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

पुश्किनच्या आईच्या वडिलांचे वडील म्हणजे अब्राम गान्निबाल. लहानपणीच पकडून कॉन्स्टँटिनोपलला नेलेला आणि तिथून १७०४ च्या सुमारास पीटर द ग्रेटसाठी रशियात आणलेला मुलगा. आपलं गाव 'लागोन' एवढं त्याने स्वतः १७४२ मधल्या एका अर्जात लिहिलं. ते कोणी इथिओपिया-एरिट्रियाकडे शोधतं, कोणी चाड सरोवराजवळ. त्याच्या बाप्तिस्म्याला पीटर स्वतः धर्मपिता होता. घराण्यात सांगत की तेव्हा त्याला पीटर हेच नाव दिलं, पण पोरगं रडायला लागलं, नवं नाव घेईचना. शेवटी अब्राम तो अब्रामच राहिला.

पुढे तो फ्रान्समध्ये शिकून लष्करी इंजिनीअर झाला. पीटरच्या मृत्यूनंतर त्याची सैबेरियात रवानगी झाली. पीटरची मुलगी एलिझाबेथ सम्राज्ञी झाल्यावर दिवस पालटले, तो सेनापतीच्या हुद्द्यापर्यंत चढला आणि लादोगाच्या कालव्याचं कामही त्याच्या हाताखाली आलं. इथे मला दर वेळी आपला मलिक अंबर आठवतो. तोही इथिओपियातून पोरवयात विकला गेलेला, तोही पाण्याचा जाणकार. त्याने वसवलेल्या खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर-ए-अंबरीने कित्येक पिढ्या पाणी पाजलं. फरक एवढाच की त्याच्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या दरबारी लेखकांच्या आणि शत्रूच्या लेखणीतून. गान्निबालला मात्र पणतू लाभला तो पुश्किन.

आणि या पणतूने काय जपलं बघा. १८२५ मध्ये 'येव्गेनी अनेगिन' या आपल्या पद्य-कादंबरीचं पहिलं प्रकरण छापताना त्याने पणजोबावर एक टीप जोडली. त्यात म्हातारपणीच्या आठवणी आहेत. एकोणीस भाऊ, त्यांत हा धाकटा. भावांना हात मागे बांधून वडिलांसमोर आणत, हा एकटा मोकळा, घरच्या कारंज्यांखाली डुंबायचा. आणि लागान नावाची लाडकी बहीण. याला घेऊन निघालेल्या जहाजामागे ती कितीतरी लांबवर पोहत आली होती. मानमरातब, जमीनजुमला सगळं मिळालेल्या म्हाताऱ्याने मुलाबाळांना ही बहीण सांगितली, म्हणून आज तिचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. त्या टिपेपाशी वर्गात माझा आवाज दर वर्षी जड होतो.

१८३० मध्ये एका संपादकाने पुश्किनला डिवचलं, की तुमचा हा पूर्वज एका खलाशाने रमच्या बाटलीच्या बदल्यात घेतलेला. पुश्किनने कवितेतून उत्तर दिलं. तो खलाशी म्हणजे साक्षात पीटर, ज्याने रशियाचं तारू हाकारलं. आणि विकत घेतलेला तो मुलगा झारचा विश्वासू झाला, गुलाम राहिला नाही. उत्तर बाणेदार आहे. पण त्याआधी, १८२७ च्या उन्हाळ्यात मिखाइलोव्स्कोयेला राहून त्याने पणजोबावर कादंबरी लिहायला घेतली होती, तिच्याशी मी अजून भांडते. तिच्यातला इब्राहिम, म्हणजे गान्निबालच, सुसंस्कृत, हळव्या मनाचा. लग्न ठरतं, मुलीच्या मनात दुसराच कोणी असतो, आणि कादंबरी तिथेच अर्धी राहते. खऱ्या गान्निबालची पहिली बायको ग्रीक होती. तिचं लग्न मनाविरुद्ध लावलेलं. ती वर्षानुवर्षं कैदेत राहिली आणि शेवटी मठात गेली. पुश्किनला हे माहीत होतं. मला वाटतं, पुढे लिहायचं तर हेही लिहावं लागलं असतं.

आणखी एक गोष्ट त्या कादंबरीत नाही. मिखाइलोव्स्कोये ही सम्राज्ञीने गान्निबालला बक्षीस दिलेल्या जमिनीतलीच वाडी. जमिनीबरोबर माणसंही मिळत, भूदास म्हणून. पुढे १७५९ मध्ये त्याने पीटर्सबर्गजवळ सुइदाची जहागीर विकत घेतली, तीही माणसांसकट. त्या माणसांत वर्षभराची एक मुलगी होती, अरीना. पुढे तीच पुश्किनची दाई झाली. जिच्या तोंडच्या लोककथा त्याने उतरवून घेतल्या आणि मग पद्यात बांधल्या, ती अरीना रोदिओनोव्ना. एकेकाळी स्वतःच विकल्या गेलेल्या माणसाने ती विकत घेतली होती.

१८२७ च्या त्या उन्हाळ्यात, पणतू पणजोबाची गोष्ट लिहीत होता तेव्हा, ती त्याच मिखाइलोव्स्कोयेत होती. सत्तरीला टेकलेली.