आठ माग, दीडशे नजरा

काल रात्री २ वाजून १० मिनिटांनी अलार्म वाजला. जिना उतरले, शेडच्या दारातून आठही मागांवर एकदा नजर टाकली. सहा चालू, दोन बंद. वहीत लिहून वर आले. अम्मानं कूस बदलत विचारलं, "झालं का मोजून?"

हा माझा एम.एस्सी. संख्याशास्त्राचा प्रकल्प: घरचे माग किती वेळ बंद राहतात याचा अंदाज काढायचा. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. वर आम्ही राहतो, खाली नान्नांचे, म्हणजे वडिलांचे, टॉवेलचे यंत्रमाग. विद्यापीठ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, केगावला. ते २००४ साली झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. एम.एस्सी.साठी कोल्हापूरला राहायचं म्हटलं असतं तर घरून होकार आला नसता. म्हणून केगावची बस मला फार मोलाची वाटते.

पहिलं सत्र जड गेलं. बी.एस्सी.ला सूत्रं वापरली होती, इथे ती सिद्ध करायची होती. रिअल ॲनालिसिस या गणिताच्या विषयानं दिवाळीपर्यंत झोप उडवली. मग नमुना निवड शिकताना टिपेट हे नाव आलं आणि मी सावरून बसले. १९२७ साली त्यांनी ४१,६०० यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, अंकांचा तक्ता छापला, तोही जनगणनेच्या अहवालांतले आकडे घेऊन. हे टिपेट इंग्लंडच्या कापड उद्योगात संशोधन करत होते. माग किती वेळ बंद राहतो हे काढायला घड्याळ घेऊन दिवसभर त्याच्यासमोर बसायची गरज नाही, हे त्यांनी दाखवलं. अवचित वेळी जायचं, एक नजर टाकायची, चालू की बंद एवढंच लिहायचं. अशा पुरेशा नोंदींत बंद मागांचं जे प्रमाण येतं, तोच वाया गेलेल्या वेळेचा अंदाज.

जन्मापासून ज्या खडखडाटात झोपले, तो पुस्तकात सापडला. त्या दिवशी बसमध्ये मला रडू आलं.

फेऱ्यांच्या अवचित वेळा मी संगणकाकडून काढून घेतल्या. दर तासाच्या ठोक्याला गेले असते तर कामगारांच्या चहाची वेळ रोज तीच सापडली असती आणि अंदाज चुकला असता. सहा दिवस, रोज २५ फेऱ्या, आठ माग, म्हणजे १२०० नोंदी. चारातला एक माग बंद असतो असं धरलं, तर प्रमाण चूक, म्हणजे अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, सव्वा टक्का येते. हे गणित मी अभिमानानं मॅडमना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "लाईट गेल्यावर किती माग थांबतात?"

आठही. एका फेरीतल्या आठ नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीतच. दोन माग सांभाळणारा कामगार एकाची आडव्या धाग्याची कांडी बदलत असताना दुसऱ्याच्या ताण्याचा उभा धागा तुटला, तर दुसराही त्याची वाट बघत उभा राहतो. म्हणजे फेरी हाच गट धरायला हवा, आणि गट १५०च. आठही माग नेहमी एकत्रच थांबतात असं टोकाचं धरलं, तर तीच चूक साडेतीन टक्क्यांवर जाते. खरी चूक या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असेल, आणि ती फेऱ्यांमधल्या फरकावरून काढायची. हा धडा तीन पुस्तकांत वाचला होता; कळला तो लाईटमुळे.

नान्ना चौथी शिकलेत. कोणता माग जास्त थांबतो हे त्यांना आवाजावरून कळतं. पहिल्याच दिवशी ते नंबर सांगायला लागले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. ऐकलं असतं तर माझी नजर त्याच मागाकडे आधी गेली असती. मग त्यांनी तो नंबर कागदावर लिहिला, घडी घातली आणि देवघरात बालाजीच्या फोटोमागे ठेवून दिला.

अजून ४२ फेऱ्या बाकी आहेत. पुढची पहाटे ५ वाजून ३५ मिनिटांनी.