जिनिव्हा करार, 34 टक्के आणि माझी पीएच.डी.

आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्यात, म्हणजे युद्धातही माणसांना कसं वागवायचं हे सांगणाऱ्या कायद्यात, पीएच.डी. करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. करारांची कलमं जशीच्या तशी दिली म्हणून माझ्या प्रबंधावर नक्कल केल्याचा शिक्का बसायची वेळ आली होती. मुंबईत कायदा शिकवणाऱ्या माझ्या ओळखीतल्या दोघांना माझ्यानंतर हाच त्रास झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शिवाय माझा राग अजून गेलेला नाही.

प्रवेश, कोर्सवर्क, विषयाची मंजुरी हे सगळं सुरळीत पार पडलं. तेव्हा मी एका विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि डोंबिवली ते फोर्ट प्रवासात वाचन करत होते. युद्धातले जखमी, कैदी आणि सामान्य नागरिक यांना संरक्षण देणारे 1949 चे चार जिनिव्हा करार भारतीय कायद्यात कसे आले, हा माझा विषय. भारताने 1950 मध्ये त्यांना मान्यता दिली आणि 1960 मध्ये संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केला. पण त्या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला सरकारच्या किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीशिवाय घेता येत नाही. गोव्यातल्या मोंतेरो खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की या कायद्याच्या बळावर व्यक्तीला न्यायालयात वेगळी दाद मागता येणार नाही. मग युद्धात सापडलेल्या माणसाला त्याचा उपयोग काय? माझा सगळा प्रबंध या प्रश्नावर आहे.

गाडी अडली ती प्लेजरिझम रिपोर्टपाशी, म्हणजे प्रबंधाचा किती मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो हे सॉफ्टवेअरने काढलेल्या अहवालापाशी. आकडा आला 34 टक्के.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. 10 ते 40 मध्ये असाल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा जमा करायचं. 40 ते 60 मध्ये वर्षभर बंदी, आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द. रिपोर्ट उघडून बघितला तर लाल-पिवळे पट्टे जवळजवळ सगळे करारांच्या कलमांवर होते. चारही करारांत समान असलेलं तिसरं कलम, चौथ्या करारातली व्याप्त (शत्रूने ताब्यात घेतलेल्या) प्रदेशाची कलमं, 1960 च्या कायद्यातल्या तरतुदी. माझं स्वतःचं विवेचन जवळपास कोरं होतं.

रिपोर्ट देणाऱ्या काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, सॉफ्टवेअर दाखवतं ते आम्ही लिहितो. तुम्ही थोडे शब्द बदला ना, सगळे तसंच करतात."

तिसऱ्या कलमाचे शब्द बदलायचे? एप्रिल ते ऑगस्ट 1949 या काळात जिनिव्हात परिषद चालली, तीत या एका कलमावर राष्ट्रांनी केवढा वाद घातला. देशांतर्गत संघर्षातही शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाला मारू नये, ओलीस धरू नये, त्याची विटंबना करू नये, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा देऊ नये, हे तिथे पहिल्यांदा असं लिहिलं गेलं. 1986 मध्ये निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हेच कलम सर्व सशस्त्र संघर्षांसाठी किमान कसोटी मानलं. त्यातला एक शब्द हलवला तर मी तो कायदाच चुकीचा सांगितला असं होतं. आकडा खाली आणायला कराराचं कलम स्वतःच्या शब्दांत लिहू नका, कुणीही सांगितलं तरी.

मी नियमच छापून नेला. त्यात स्पष्ट लिहिलंय की तपासणीतून श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाणित चिन्हं व समीकरणं वगळायची. सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही धरत नाहीत. गृहस्थांनी वाचलं आणि म्हणाले, "कायदे म्हणजे आपले. हा तर परदेशातला करार आहे."

इथे माझाच विषय माझ्या कामी आला. 1960 च्या कायद्याला चार परिशिष्टं आहेत आणि त्यांत चारही जिनिव्हा करार पूर्ण छापलेले आहेत. मी तो कायदा परिशिष्टांसकट प्रिंट करून नेला. तरी उत्तर आलं, साहेब रजेवर आहेत. नंतर, साहेब मीटिंगमध्ये आहेत. नंतर, आमच्या अधिकारात नाही. जमा करायची मुदत जवळ येत होती आणि माझी झोप उडाली होती.

शेवटी मार्गदर्शक म्हणाले, "तू काउंटरवर वाद घालू नकोस, पॅनेलकडे लेखी जा." यूजीसीच्या त्याच नियमांत अशी प्रकरणं बघायला विभागीय आणि संस्थास्तरीय अशी दोन पॅनेलं सांगितली आहेत. मी दिलं ते असं: एक पानी अर्ज, नियमाचं कलम, कायद्याची परिशिष्टं आणि रिपोर्टमधल्या प्रत्येक पट्ट्यासमोर तो कुठल्या कलमाचा मजकूर आहे याचा तक्ता. तक्ता करायला वेळ गेला, पण काम त्यानेच झालं. पॅनेलने कायद्याचा मजकूर वगळून पुन्हा तपासणी करायला सांगितलं आणि आकडा 10 च्या बराच खाली आला. त्या संध्याकाळी मी चर्चगेटपर्यंत मुद्दाम चालत गेले, इतकं हलकं वाटत होतं.

अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकासकट. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: पूर्ण करार प्रबंधात छापायचाच असेल तर तो परिशिष्टात वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, प्रकरणांमध्ये फक्त लागणारी वाक्यं घ्या, तीही अवतरणचिन्हांत. चोरी नसल्याचं प्रमाणपत्र मार्गदर्शकांना द्यावं लागतं, ते तपासणीच्या आधीच तयार ठेवा. पॅनेलचा निर्णय लेखी मागा, कारण तोंडी निर्णय दुसऱ्या टेबलावर कुणी मानत नाही.

परिशिष्टांचा मुद्दा सगळीकडे चालणार नाही. जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या अतिरिक्त प्रोटोकॉलांत (पूरक करारांत) भारत सामील नाही, 1951 च्या निर्वासित करारातही नाही, त्यामुळे ते आपल्या कायद्यात छापलेले सापडणार नाहीत. आमच्या कॉलेजमधली एक मुलगी सध्या निर्वासितांवर प्रबंध लिहितेय. तिला मी पहिल्या प्रकरणापासूनच करारातलं प्रत्येक वाक्य अवतरणचिन्हांत टाकायला आणि तक्ता आत्तापासून भरत जायला सांगितलंय.