शनिवारची मॅच आणि शिट्टीवाली बाई

ऑफिसातल्या एकीने तिकीट गळ्यात मारलं म्हणून आज लंडनच्या ट्विकनम स्टूप मैदानावर गेले, हार्लेक्विन्स विरुद्ध वूस्टर या क्लबांची रग्बी मॅच, रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मॅच सुरू झाली आणि बघते तर मधोमध शिट्टी घेऊन रेफरी सारा कॉक्स! पुरुषांच्या प्रीमियरशिपची (इंग्लंडची सगळ्यात वरची क्लब रग्बी लीग) मॅच एका बाईने चालवायची ही पहिलीच वेळ, २५ सप्टेंबर २०२१, आणि मी तिथे होते हो!! शंभर-सव्वाशे किलोची धुडं एकमेकांवर आदळतायत, आणि तिची शिट्टी वाजली की सगळे गप. रेफरीशी बोलायचं तर फक्त कॅप्टनने, असा म्हणे नियमच आहे. आमच्या सोसायटीच्या क्रिकेटमधे मी एकदा अंपायर झाले होते, एका एलबीडब्ल्यूवरून अकरा जण अंगावर आले होते (तो आउटच होता, आजही सांगते).

बाय द वे, २०१६ मधेच इंग्लंडच्या रग्बी युनियनने तिला पूर्णवेळ रेफरी म्हणून करारावर घेतलेलं, म्हणजे इथवर यायला पाच वर्षं. मजा म्हणजे थोड्या वेळाने ती बाई आहे हे मी विसरूनच गेले, शेजारचे आजोबा मात्र शिव्या घालत होते, जशा दर शनिवारी कुठल्याही रेफरीला घालतात तशाच 😄