कापूस घरात ठेवतो तशी लाईन ठेवता येते का

मागच्या वर्षीपर्यंत आमच्याकडे चण्याचं ओलित म्हणजे रातचंच काम. थ्री फेज लाईन रात्री दहाला यायची, बाबा टॉर्च आणि काठी घेऊन वावरात जायचे, डिसेंबरची थंडी, पायाखाली पाईप आहे की साप ते कळत नाही, आणि इकडे घरी आई जागीच. यंदा गायरानावर सोलर प्लांट झाला, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला, आणि लाईन दिवसा यायला लागली. ज्यानं रात्री दोन वाजता स्प्रिंकलरचे पाईप बदललेत त्यालाच ह्याचं मोल समजेल.

पण सांजेचं काय? ऊन उतरलं की पॅनल थंड, आणि सातला गावात दिवे, पंखे, टीव्ही, चक्की सगळं एकदमच सुरू होतं. तो भार येतो कोळशावर, म्हणजे आपल्याच चंद्रपूर-कोराडीच्या वीज केंद्रांवर. एकट्या चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॉटचं, आणि कोळशाचा संच काही मोटरीसारखा बटण दाबून बंद-चालू होत नाही, म्हणून दुपारी सोलर भरपूर असलं तरी तो कमी भारावर धगधगत ठेवावाच लागतो.

हे सांगत होतो तर बाबा म्हणाले, "भाव येईपर्यंत आपण कापूस घरात ठेवतो, तशी दुपारची लाईन ठेवता नाही येत का रे?"

येते ना! गोंदियाच्या पलीकडे राजनांदगावला सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ह्या केंद्र सरकारच्या कंपनीच्या 100 मेगावॉटच्या प्लांटला 40 मेगावॉटची बॅटरी जोडलेली आहे, 2024 पासून चालू. ती 120 मेगावॉट-तास वीज साठवते, म्हणजे पूर्ण जोरानं 3 तास. मी हिशोब केला, 5 एचपीच्या मोटामोटी 10,000 मोटरी 3 तास चालतील एवढी वीज!

घरातल्या कापसाला घट येते तशी हिलाही येते, 100 युनिट भरले तर साधारण 85 परत मिळतात. आगीची भीती पण आहेच, जानेवारी 2025 मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या बॅटरी केंद्राला मोठी आग लागली होती. आणि आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्री, बॅटरीच्या कंटेनरला एसी लागणारच, तिथं कंजूषी केली तर बॅटरी लवकर म्हातारी होईल. म्हणून मला लिथियम बॅटरीतली लिथियम आयर्न फॉस्फेटवाली जात बरी वाटते, ती उष्णतेला जरा जास्त टिकते आणि पेट घ्यायचा धोका कमी.

फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रानं सांगितलं की नव्या सोलर टेंडरमध्ये प्लांटच्या निदान 10 टक्के क्षमतेची, 2 तास चालणारी बॅटरी असावी. मला हे फार कमी वाटतं, राजनांदगावला 40 टक्के आहे, आणि आपल्याकडे सातपासून दहापर्यंतच तर खरी ओढाताण असते.

बाबांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "मंग गायरानावर जागा हाय ना अजून." आहे. प्लांटच्या कुंपणाला लागून, उगवतीकडं बाभळी आहेत तिथं, चार कंटेनर आरामात बसतील.