तपास करणाऱ्याला दार कोण उघडते? मुंबईच्या रहस्यकादंबऱ्यांची वाचन-नोंद

गेल्या पावसाळ्यापासून माझे रहस्यवाचन एका ठरावीक वाटेने चालले आहे. ज्यांतील गुन्हा मुंबईत घडतो अशा कादंबऱ्या निवडायच्या आणि प्रत्येकीसाठी वहीत संशयितांच्या यादीशेजारी आणखी एक रकाना आखायचा: तपास करणाऱ्याला दार कोणी उघडले आणि का उघडले. खुनी कोण, याचा अंदाज बांधण्याइतकाच हा रकाना आता मला महत्त्वाचा वाटू लागला आहे, कारण ज्या कादंबरीत तो रिकामा राहतो तिच्यातील शहर बहुधा नुसते पडद्यावर रंगवलेले असते.

या रकान्याची कल्पना सुचली ती मात्र मुंबईबाहेरच्या पुस्तकावरून. विल्की कॉलिन्स यांच्या १८६८ सालच्या 'द मूनस्टोन'मध्ये श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीतला हिरा यॉर्कशायरमधील एका घरातून नाहीसा होतो. नुकत्याच रंगवलेल्या दाराचा रंग एका ठिकाणी पुसला गेलेला आहे, तेव्हा रंगाचा डाग पडलेले वस्त्र ज्याचे, त्याच्यापासून सुगावा लागेल, एवढा सरळ तर्क सार्जंट कफ मांडतो. पण घराची तरुण मुलगी रेचेल आपले कपाट उघडू द्यायला नकार देते आणि तपास तिथेच अडतो. बुद्धी, अनुभव आणि सरकारी अधिकार हे सारे असूनही एका मुलीच्या 'नाही'पुढे कफचा इलाज चालत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे पुस्तक ज्यांनी 'जुने आहे' म्हणून बाजूला ठेवले असेल, त्यांनी निदान कफ घरात पाऊल टाकतो तिथपर्यंत तरी धीर धरावा. पुढे ते आपणहून वाचायला लावते.

मुंबईच्या पुस्तकांपैकी या कसोटीला सर्वांत चोख उतरलेली कादंबरी म्हणजे सुजाता मॅसी यांची २०१८ मध्ये आलेली 'द विडोज ऑफ मलबार हिल'. काळ १९२१ चा. परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या कायदेसंस्थेत सॉलिसिटर म्हणून काम करते आणि एका मुस्लिम गिरणीमालकाच्या, मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या तीन विधवांच्या वारशाची कागदपत्रे तिच्यापुढे येतात. तिघीही आपला हक्क सोडायला तयार आहेत असे कागद सांगतात, आणि नेमके तेच परवीनला खटकते. बंगल्याचा कारभार पाहणारा माणूस वकील असो वा पोलीस, कोणाही पुरुषाला आत जाऊ देणार नाही. परवीन स्त्री आहे म्हणूनच ती जनान्यापर्यंत पोहोचते. पुढे खून होतो तेव्हाही पोलिसांना जे प्रश्न विचारता येत नाहीत ते तिला विचारता येतात. म्हणजे नायिका स्त्री असणे ही इथे शोभेची बाब राहत नाही, संपूर्ण कथानकच त्यावर उभे आहे. मॅसी यांनी हे हवेतून आणलेले नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पडदानशीन स्त्रियांच्या कायदेशीर सल्लागार म्हणून प्रत्यक्ष काम करीत होत्या, आणि स्त्रियांना वकिली करण्याची मोकळीक देणारा कायदा १९२३ मध्ये झाला. कादंबरीचा काळ त्याआधीचा असल्यामुळे परवीन कागद तपासू शकते, न्यायालयात उभी राहून युक्तिवाद करू शकत नाही, आणि हा ताण लेखिकेने शेवटपर्यंत सैल पडू दिलेला नाही. परवीनच्या फसलेल्या विवाहाची कोलकात्यातील प्रकरणे तपासाच्या मध्येमध्ये येतात आणि तिथे वेग उतरतो, अशी तक्रार मी ऐकली आहे. माझ्या मते ती प्रकरणे नसती तर बंद घरातल्या बायकांचे मौन तिला इतक्या लवकर का उमगते, हे आपल्याला कळलेच नसते.

वसीम खान यांची 'मिडनाइट ॲट मलबार हाउस' (२०२०) त्यानंतर लगेच वाचली, तेव्हा तुलना अटळ होती. ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री मरीन ड्राइव्हवरील एका बंगल्यात मेजवानी सुरू असताना एका ब्रिटिश मुत्सद्द्याचा खून होतो आणि तपास पर्सिस वाडिया या इन्स्पेक्टरकडे येतो. लेखकाने तिला देशातील पहिली स्त्री पोलीस इन्स्पेक्टर कल्पिले आहे आणि खात्याला नकोसे झालेले अधिकारी जिथे पाठवतात त्या चौकीत तिची नेमणूक केली आहे. तिच्याकडे शिक्का आहे, वर्दी आहे, तरीही दारे अर्धवटच उघडतात. परवीनची स्थिती याच्या बरोबर उलट. या कादंबरीला २०२१ चा ऐतिहासिक गुन्हेकथांसाठीचा डॅगर पुरस्कार मिळाला. कोडे म्हणून ती मॅसी यांच्या कादंबरीपेक्षा अधिक रंगते, पण पर्सिसला जो तो भेटतो तो तिला कमी लेखण्यासाठीच भेटतो, असे काही ठिकाणी वाटत राहते. फाळणीचे व्रण मात्र खान यांनी फार संयमाने हाताळले आहेत.

विक्रम चंद्र यांच्या 'सेक्रेड गेम्स'ची (२००६) नोंद तुलनेने थोडक्यात करतो, कारण तिच्यावर पुष्कळ बोलून झाले आहे. आरंभीच इन्स्पेक्टर सरताज सिंग एका बंकरच्या बंद दारापुढे उभा राहून आतल्या गणेश गायतोंडेशी ध्वनिक्षेपकावरून बोलत असतो आणि दार फोडायला बुलडोझर मागवावा लागतो. माझ्या रकान्यात यापेक्षा ठसठशीत नोंद दुसरी नाही. तिच्यावरून निघालेली मालिका पाहिली म्हणून पुस्तक टाळणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की सरताजची रोजची फिरती, खबऱ्यांशी चाललेली घासाघीस आणि ओळखीपाळखीवर उघडणारी दारे यांचा खरा आनंद पानांवरच आहे. लोकलमध्ये उभ्याने वाचण्याचे हे पुस्तक नव्हे. त्याचे वजनच तसे आहे.

मराठीकडे वळल्यावर रकान्याचा अर्थच बदलला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचा धनंजय छोटूला बरोबर घेऊन रीतसर तपास करतो, तर झुंजार आणि काळापहाड कायद्याच्या चौकटीबाहेर राहून गुन्हेगारांशी दोन हात करतात. त्यांना दार उघडायला कोणी लागतच नाही. तर्काच्या कसोटीवर यातल्या बऱ्याच कथा टिकणार नाहीत, हे मान्य करूनही त्यांचा वेग आजच्या कित्येक जाडजूड कादंबऱ्यांना लाजवील. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास हा फौजदारी वकील, म्हणून त्याचे हत्यार उलटतपासणी. घरात जे दडवले ते तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बाहेर काढतो.

याच ओघात एक फाटा घेतला तो शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्याकडे. त्यांचा गुप्तहेर ब्योमकेश बक्षी याचा जन्म १९३२ चा आणि त्याचे शहर कोलकाता, पण १९३८ मध्ये लेखक मुंबईला आले, मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहू लागले आणि ब्योमकेश पंधराएक वर्षे गप्प राहिला. मुंबईने एका गुप्तहेराला इतका काळ बेपत्ता ठेवले, ही नोंद आपल्या शहराच्या खात्यावर असायलाच हवी. 'सत्यान्वेषी' या कथेत ब्योमकेश खोटे नाव सांगून एका खानावळीवजा मेसमध्ये भाडेकरू म्हणून राहतो. दार उघडून घेण्याची याहून सोपी युक्ती मला तरी अजून कुठे आढळलेली नाही.

सध्या हातात आहे एच. आर. एफ. कीटिंग यांची १९६४ सालची 'द परफेक्ट मर्डर', तीही जुनी, फुटपाथवरच्या विक्रेत्याकडून घेतलेली प्रत. मुंबई सीआयडीचे इन्स्पेक्टर गणेश घोटे यांच्यावर एकाच वेळी दोन कामे पडतात: एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या पारशी चिटणिसावर झालेला हल्ला आणि मंत्र्याच्या टेबलावरून गेलेला एक रुपया. दोन्हीकडे घोट्यांना ताटकळत ठेवले जाते, धमकावले जाते आणि तरीही नम्रपणे पुन्हा दारावर टकटक करणे हीच त्यांची पद्धत ठरते. कीटिंग यांनी ही कादंबरी भारतात पाऊल न ठेवता लिहिली आणि इथे ते आले त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. रस्ते, उकाडा, बोलण्याची लकब यांत ते कधीकधी जाणवते, पण वरिष्ठापुढे उभ्या असलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्याची घालमेल त्यांनी अचूक टिपली आहे. हे पुस्तक संपले की मधली पुस्तके ओलांडून १९७६ ची 'फिल्मी, फिल्मी, इन्स्पेक्टर घोटे' घेणार आहे, म्हणजे शहर पाहून आलेल्या लेखकाने घोट्यांना अधिक दारे उघडून दिली की आणखी बंद केली, हे त्या रकान्यात शेजारी-शेजारी मांडता येईल.