काळी एक आणि पन्नास सायकल

परभणीच्या सरांचा फोन आला तेव्हा तक्रार अशी काही नव्हती. "नवा टर्नटेबल आलाय, सुईचा भार एकदा बघून जा," एवढंच म्हणाले. निवृत्त मास्तर, आणि निम्मं आयुष्य एचएमव्हीच्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेयरवर तबकड्या ऐकलेला माणूस. तो फिएस्टा तीनदा माझ्याच हातून दुरुस्त झाला होता. आता अमेरिकेतल्या मुलानं बेल्टवर फिरणारा, जड थाळीचा, भारी टर्नटेबल आणून दिला होता. वापरलेला होता, पण जपलेला.

संभाजीनगरहून सकाळच्या गाडीनं निघालो. जालना, परतूर, सेलू करत दुपारच्या आत पोचलो. चहा व्हायच्या आधीच भार मोजायचा छोटा वजनकाटा काढून सुईखाली ठेवला. फिएस्टाचं कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, पाच ग्रॅम भारानं तबकडीवर बसायचं, इथे पावणेदोन ग्रॅममध्ये भागत होतं. माझ्या मते चांगल्या मशीनचा पहिला फायदा हाच, की खाच कमी झिजते. आवाजाचं नंतर.

आवाजही सुंदर होता. खरखर जवळजवळ नाही, तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येत होती. सर डोळे मिटून बसले होते. "कसं वाटायलंय? केवढा गंभीर लागलाय!" म्हणाले. आठ दिवस रोज ऐकत होते. कोणती तबकडी कधी ऐकली, काय जाणवलं, याची वही ठेवायची त्यांची जुनी सवय. आठ दिवसांत पाच पानं भरली होती.

मी हत्यारं आवरायला घेतली तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "आवाज खाली चाललाय यांचा. असे नव्हते गात."

काकू भजनी मंडळात पेटी वाजवतात. ही ख्यालाची एलपी त्यांनी शंभरदा ऐकलेली, तिच्याबरोबर पेटी धरलेली. गवयाचा सा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळी पट्टीला, हे त्यांच्या बोटांना पाठ. पेटी आणली, भाता सोडून काळी एक धरली. तबकडीतला सा तिथे नव्हताच. काकू उतरत उतरत काळी पाचवर आल्या, तरी तो केसभर खालीच राहिला.

मला तिथेच घाम फुटला. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला साडेतेहेतीसच्या जरा आत यायला हवेत, अठ्ठावीससुद्धा पुरे भरेनात. म्हणजे सहाला पाच. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालत होती आणि सा कोमल गंधाराएवढा घसरला होता. विलंबित ख्याल, धीरगंभीर पुरुषाचा आवाज, त्यामुळे सरांच्या ते ध्यानात आलं नाही. बाईचा आवाज असता तर पहिल्याच आलापीला कळलं असतं.

कारण मोटरखाली छापलेलंच होतं: 110 व्होल्ट, 60 सायकल. सायकल म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं. विकणाऱ्यानं मुलाला सांगितलं होतं, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही. आणि ही सिंक्रोनस मोटर फिरते ती सायकलच्या तालावर. 60 ला मिनिटाला 300 फेरे घेणारी मोटर आपल्या 50 ला 250 च घेते. त्या आठ दिवसांचा मला फार राग आला. एवढ्या मोलाची वस्तू विकताना एक ओळ वाचायला काय जातं?

मोटर हळू फिरते तर तिच्यावरची, बेल्ट फिरवणारी पुली तेवढी मोठी हवी. पन्नास सायकलची पुली परदेशातून मागवायची तर महिना गेला असता. सरांचा चेहरा बघवेना. मोटरची पुली काढून खिशात घातली आणि जिनिंगच्या शाफ्टांचं काम करणाऱ्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. व्हर्नियर लावला: 18 मिलिमीटर. मोटर सहाला पाच फिरते, तर पुली पाचाला सहा हवी: एक पूर्णांक दोन दशांश पट, म्हणजे 21.6. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमचा गज चकमध्ये धरला, डायल लावून बघितला. मोठ्या शाफ्टांवर चालणारा तो हात नखाएवढ्या पुलीवर इतका हलका चालला, की मी नुसता बघत राहिलो.

घरी येऊन बसवली. थाळीवर 180 रेघांची स्ट्रोबची चकती ठेवली, वर नियॉनचा दिवा धरला. वेग बरोबर असेल तर रेघा थिजून उभ्या राहतात. त्या हळूहळू मागे सरकत होत्या. बेल्टची जाडी धरायची राहिली होती! बेल्ट एक मिलिमीटरचा, म्हणजे 18 नव्हे, 19 ची एक पूर्णांक दोन दशांश पट, 22.8, आणि त्यातून बेल्टचा एक वजा. 21.8 हवी होती. फरक दोन दशांश मिलिमीटरचा, पण पेटीशेजारी तो ऐकू येतो.

पुन्हा मिस्त्री. त्यांनी दुसऱ्या पुलीचे पैसे घेतले नाहीत. "गाणं बरोबर वाजलं पाहिजे," म्हणाले.

चार वाजता दिवा धरला तेव्हा रेघा जागच्या जागी उभ्या होत्या. सरांनी तीच एलपी लावली, काकूंनी काळी एक धरली. तबकडीतला सा येऊन तिच्यात असा मिसळला, की पेटी वाजतेय की नाही कळेना. काकूंनी भाता थांबवला तरी सूर तसाच भरून राहिला होता.

बाजू संपेपर्यंत कोणी बोललं नाही. मग सरांनी वही उघडली, पाचही पानांवर आडवी रेघ मारली आणि आजची तारीख घातली.

"गाडी कितीची तुमची?" त्यांनी विचारलं.

गाडी कधीच गेली होती. मी म्हणालो, दुसरी बाजू लावा.