कापूस सोसवेना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होते. वेचणीचे दिवस, तरी ओपीडी भरलेली. एक काका आले. सहा महिन्यांपूर्वी शेळ्यांसाठी पाला पाडताना बाभळीवरून पडले, टाचेच्या हाडाचा चुरा झाला, शहरात प्लेट बसवली. एक्स-रेत हाड छान जुळलेलं.

"हाड जुळलं, सारेच म्हन्ते. पण पाय जळते नं मॅडम. रातच्यानं चादर टेकली तरी करंट लागते."

याआधी दोनदा मीच त्यांना डायक्लोफेनॅक ही साधी वेदनाशामक गोळी देऊन वाटेला लावलं होतं. काकू पुटपुटल्या, "लोक म्हन्ते, काम चुकवाले नाटकं करते."

त्या दिवशी मात्र मी ट्रेमधला कापसाचा बोळा घेतला आणि टाचेच्या बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत हलकेच फिरवला. काकांनी पाय असा खेचला की स्टूल आडवं झालं. जन्मभर कापूस वेचलेला माणूस! मग टाक्यांच्या व्रणावर बोटाने ठोकत गेले. एका जागी झिणझिणी थेट करंगळीत. घोट्यामागून जाणारी सुरल नस, पायाच्या बाहेरच्या कडेची संवेदना नेणारी. ही शस्त्रक्रिया बाहेरच्या बाजूने करताना ती कधी ताणली जाते, कधी कापली जाते, कधी नंतर व्रणात अडकते. सर्जनचा हात चांगला असला तरी.

तिथेच लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, टोचलं. दहा मिनिटांत काका आपल्या हाताने पाय चोळत होते. "पाह्य वं!" म्हणून काकूंना हाक. तासा-दोन तासांत दुखणं परतणार हे मी आधीच सांगितलं होतं. मला फक्त जागा पक्की करायची होती.

ईसीजी काढून रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू केली, १० मिलिग्रॅम. आठवड्याने कळलं, गोळी बंद. कुणीतरी सांगितलं होतं, "ही तर डोक्याची गोळी." पुन्हा बसून समजावलं: नैराश्यात हीच गोळी बरीच जास्त देतात, इथे थोडी, नसेसाठी. तोंड कोरडं पडेल, झोप येईल. नाहीच जमलं तर गॅबापेन्टिन हे दुसरं औषध, तेही नाही तर नस मोकळी करायला सर्जनकडे. शिवाय नसेला स्पर्शाची हळूहळू सवय व्हावी म्हणून रोज पायावर आधी कापूस, मग जुनं लुगडं, मग टॉवेल, शेवटी बारदाना फिरवायचा.

दोन महिन्यांनी काका चप्पल घालून आले. बाहेरच्या बाजूचा पट्टा कापून टाकलेला.

"बारदाना?" मी विचारलं.

"टावेलावरच आहो अजून."